बर्मिंगहॅमचा बँड

बँड म्हटले की आपल्यापुढे लग्नाची वरात उभी राहते. आज आम्ही सांगणार आहोत तो बँड निराळा. तो इंग्लंडातला. माणसे चारच. एक गाणारा, एक ढोल वाजवणारा आणि दोघे गिटारवाले. गिटार म्हणजे तारांचे वाद्य. एका हाताने तारा छेडायच्या, दुसऱ्या हाताच्या बोटांनी त्या दाबायच्या.

बर्मिंगहॅम हे कारखान्यांचे शहर. तेथे टोनी आयोमी नावाचा सतरा वर्षांचा मुलगा पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. त्याला गिटारीचा भारी नाद. वाजवण्याचे काम मिळाले म्हणून त्याने नोकरी सोडली. १९६५ सालची गोष्ट. कामाचा शेवटचा दिवस होता. दुपारी जेवायला घरी आला, तो परत जायला तयार होईना. आईने समजावून पाठवले. त्या दिवशी एक कामगार आला नव्हता. त्याच्या यंत्रावर टोनीला उभे केले. त्या यंत्राची त्याला सवय नव्हती. यंत्र हातावर आले आणि उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोके तुटली.

टोनी डावखुरा. म्हणजे तारा दाबायचा हात उजवाच. झालं, वाजवणं संपलं, असे त्याला वाटले. तेव्हा कारखान्यातल्या वरिष्ठाने त्याला एक तबकडी ऐकवली. ती जँगो राइनहार्ट याची होती. आगीत भाजून त्याच्या हाताची दोन बोटे निकामी झाली होती, तरी तो नामांकित गिटारवाला झाला. मग टोनीने प्लॅस्टिकची बाटली वितळवली, तिच्या टोप्या केल्या, त्यांवर जुन्या कोटाचे चामडे चिकटवले आणि त्या बोटांत घातल्या. तारा बारीक घेतल्या. पुढे त्या सैलही केल्या. त्याने आवाज खाली उतरला, जड झाला. लोकांना तोच आवडला!

१९६८ साली चौघे जमले. टोनी, गाणारा ऑझी ऑस्बर्न, गीझर बटलर आणि ढोलवाला बिल वॉर्ड. सगळी कामकरी घरांतली पोरे. बँडला त्यांनी पुढे ब्लॅक सॅबथ हे नाव दिले. १९७० साली पहिली तबकडी निघाली आणि नाव झाले. पैसा आला, त्याबरोबर व्यसनेही आली. १९७९ साली ऑझीला काढून टाकले. खरे तर दारू इतरही पीत होते. ऑझीला ही गोष्ट सांगायचे काम बिलवर आले. पुढच्याच वर्षी बिलही दारूपायी निघून गेला. ऑझीच्या जागी रॉनी जेम्स डिओ आला. तोही गेला, आला, पुन्हा गेला. माणसे बदलत राहिली. पहिल्यापासून शेवटपर्यंत टिकला तो एकटा टोनी.

मग दुखणी सुरू झाली. १९९८ साली बिलला हृदयविकाराचा झटका आला. २०१० साली डिओ पोटाच्या कर्करोगाने वारला. २०११ साली जुने चौघे पुन्हा एकत्र येणार असे जाहीर झाले, आणि दोनच महिन्यांत टोनींना कर्करोग निघाला. जांघेत गाठ आली होती. आपण म्हणू, अवधाण असेल, बसेल आपोआप. त्यांनी ती तपासून घेतली. औषधे घेत घेत तबकडी पुरी केली. उपचारांच्या तारखा सांभाळून दौरे केले. बिल मात्र त्यात नव्हते. कराराच्या अटींवरून बिनसले. आम्हांला ही गोष्ट लागते. इतक्या वर्षांच्या जोडीदाराला कागदापायी बाहेर राहावे लागले.

ऑझींना कंपवात जडला. २०२० साली त्यांनी तो उघड सांगितला. कंपवातात हातपाय थरथरतात, आखडतात, चालणे अवघड होते. ५ जुलै २०२५ रोजी, त्यांच्याच भागातल्या मैदानावर, चौघे अखेरचे एकत्र आले. बिलही होते. ऑझींना उभे राहता येईना. ते मोठ्या खुर्चीत बसून गायले. जमा झालेला पैसा कंपवाताच्या संशोधनाला आणि आजारी मुलांच्या संस्थांना द्यायचा ठरला होता.

सतरा दिवसांनी ऑझी वारले. वय ७६. ३० जुलैला त्यांची अंत्ययात्रा बर्मिंगहॅमच्या रस्त्याने निघाली. पुढे पितळी वाद्यांचा बँड होता. अगदी आपल्याकडे असतो तसला. तो ह्या चौघांचीच गाणी वाजवत होता.