घरीच घ्यायचे इंजेक्शन : मूल होण्याच्या उपचारातील दहा-बारा दिवस

मूल होण्यासाठी उपचार घेणाऱ्या जोडप्याला डॉक्टर एके दिवशी सांगतात, "उद्यापासून रोज एक इंजेक्शन. घरीच घ्या, अवघड नाही." हातात औषधांची पिशवी आणि एक छापील कागद येतो. घरी आल्यावर मात्र प्रश्न पडतात. आपल्याच हाताने आपल्याच पोटात सुई टोचायची कशी? चुकले तर? आणि घरच्यांना कळले तर? या तिन्ही प्रश्नांचा आपण या पानावर विचार करू.

इंजेक्शन कशासाठी?

दर महिन्याला स्त्रीच्या बीजकोशात साधारणपणे एकच स्त्रीबीज पक्व होते. टेस्ट ट्यूब बेबीच्या, म्हणजे आयव्हीएफच्या उपचारात एकाच वेळी अनेक बीजे पक्व व्हावी लागतात. त्यासाठी पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून सुमारे ८ ते १२ दिवस रोज हार्मोनचे इंजेक्शन देतात. वय, रक्ततपासणी आणि सोनोग्राफी पाहून मात्रा ठरते, म्हणून शेजारणीची मात्रा आपली नसते. काही दिवसांनी दुसरे एक इंजेक्शन सुरू होते. बीजे वेळेआधी सुटू नयेत, हे त्याचे काम. शेवटी एकदाच घ्यायचे 'ट्रिगर' इंजेक्शन असते.

ही बहुतेक इंजेक्शने कातडीखालच्या चरबीत द्यायची असतात. सुई बारीक आणि आखूड असते. मधुमेहाचे रुग्ण इन्सुलिन घेतात, तसेच हे. आपल्या वस्तीतल्या कितीतरी आजी-आजोबांनी हे शिकून घेतले आहे.

पद्धत

पहिले इंजेक्शन शक्यतो दवाखान्यात, परिचारिकेच्या देखरेखीखाली स्वतःच्या हाताने घ्यावे. नुसते पाहून येऊ नये. मग घरी रोज हाच क्रम ठेवावा.

१. साबणाने हात धुऊन कोरडे करा. औषधाचे नाव, मात्रा आणि मुदतीची तारीख मोठ्याने वाचा.

२. औषध फ्रिजमधले असेल तर दहा-पंधरा मिनिटे बाहेर ठेवा. गार औषध जास्त झोंबते.

३. बेंबीपासून किमान तीन बोटे दूर, पोटाच्या खालच्या भागात जागा निवडा. आज डावी बाजू, उद्या उजवी. वळ, जखम किंवा व्रण असलेली जागा टाळा.

४. स्पिरिटच्या बोळ्याने पुसा आणि जागा वाळू द्या. ओल्या स्पिरिटवर टोचले की आग होते.

५. कातडी चिमटीत धरा, सुई शिकवलेल्या कोनात सरळ आत घाला आणि औषध सावकाश सोडा. दहा आकडे मोजून सुई काढा. कोरड्या कापसाने नुसते दाबा, चोळू नका.

रक्ताचा एखादा थेंब, छोटासा निळा डाग, थोडी लाली किंवा खाज येऊ शकते. त्याने घाबरू नये.

चुका कुठे होतात?

काही औषधे पावडरच्या रूपात येतात. सोबतचे पाणी कुपीत घालून पावडर पूर्ण विरघळवायची आणि मगच सिरिंजमध्ये ओढायची. कुपी जोरात हलवू नये, हळूच फिरवावी. घाईत नुसतेच पाणी टोचले गेले तर त्या दिवशी औषध पोटात गेलेलेच नसते.

पेनच्या प्रकारात औषध मध्येच संपू शकते. बहुतेक पेनांत तेव्हा खिडकीत दिसणारा आकडा म्हणजे राहिलेली मात्रा. तेवढीच मात्रा नव्या पेनमधून, नवी सुई लावून घ्यायची. आपले पेन कसे चालते हे आधीच विचारून ठेवा.

फ्रिजमध्ये ठेवायची औषधे २ ते ८ अंश सेल्सिअसला राहावी लागतात. बर्फाच्या कप्प्यात ती गोठून निकामी होतात. उन्हाळ्यात औषध आणताना बर्फाची पिशवी कापडात गुंडाळून सोबत ठेवा. घरी फ्रिज नसेल तर तसे डॉक्टरांना स्पष्ट सांगा, त्यात लाज कसली? औषध दवाखान्यात ठेवून रोज तिथे जाता येईल किंवा खोलीच्या तापमानाला टिकणारे औषध मिळू शकेल.

सर्वांत महाग पडते ती ट्रिगरची चूक. बीजे काढण्याच्या सुमारे ३४ ते ३६ तास आधी ते इंजेक्शन घ्यावे लागते. गुरुवारी सकाळी ९ ला बीजे काढायची असतील तर मंगळवारी रात्री ९ ते ११ च्या दरम्यान, डॉक्टर सांगतील त्या नेमक्या मिनिटाला. दोन मोबाइलमध्ये गजर लावा. उशीर झालाच तर खरी वेळ कळवा. लपवले तर डॉक्टर चुकीच्या वेळी बीजे काढायला घेतील आणि साऱ्या दिवसांचा खर्च व कष्ट वाया जातील. रोजचे इंजेक्शन चुकले तरी दुसऱ्या दिवशी मनाने दुप्पट घेऊ नका, आधी फोन करा.

बीजे काढल्यानंतर काही वेळा प्रोजेस्टेरॉनचे तेलकट इंजेक्शन असते. ते कमरेखाली, स्नायूत द्यायचे असते. ते स्वतः घेण्याचा प्रयत्न करू नये. परिचारिकेकडून किंवा नीट शिकलेल्या माणसाकडूनच घ्यावे.

थांबू नका, दवाखाना गाठा

पोट थोडे जड वाटणे नेहमीचे आहे. पण पोट झपाट्याने फुगले, तीव्र दुखू लागले, उलट्या थांबेनात, लघवी कमी झाली, एका दिवसात किलोभर वजन वाढले, पाय सुजून दुखू लागला किंवा धाप लागली, तर रात्र असली तरी निघा. बीजकोशांनी औषधाला अति प्रतिसाद दिल्याची ही लक्षणे असू शकतात. पीसीओएस असलेल्या स्त्रियांना हा धोका अधिक असतो.

वापरलेली सुई कुठे जाते?

सुई कचऱ्याच्या पिशवीत टाकू नका. ती पिशवी उचलणारा हात कोणाचा असतो, हे आपल्या समाजाला वेगळे सांगायला नको. जाड प्लास्टिकच्या, घट्ट झाकणाच्या डब्यात सुया साठवा, डब्यावर 'सुया' असे लिहा आणि तो दवाखान्यात परत द्या.

दुसरा बाण

आता तिसरा प्रश्न. दोन खोल्यांच्या घरात चोरून, मोरीत उभे राहून इंजेक्शन घेणाऱ्या बहिणी असतात. पाहुणे आले म्हणून वेळ टळते, औषध डब्यामागे दडवले म्हणून गरम होते. म्हणजे लपवाछपवीने उपचारच बिघडतो.

संयुत्त निकायातील सल्ल सुत्तात भगवंतांनी दोन बाणांचा दृष्टान्त दिला आहे. पहिला बाण शरीराच्या वेदनेचा, दुसरा त्यावर मनाने ओढवून घेतलेल्या दुःखाचा. इंजेक्शनची सुई हा पहिला बाण, तो क्षणभराचा. "अजून पाळणा कसा हलला नाही?" असे विचारून दुसरा बाण मात्र आपणच तिच्यावर सोडत असतो. कारण अनेक जोडप्यांत पुरुषाकडेही असते. म्हणून दोघांचीही तपासणी आवश्यक आहे. वीर्यतपासणी टाळणाऱ्या पतीने पत्नीला रोज सुई टोचायला लावणे हा न्याय नव्हे. पतीने इंजेक्शन द्यायला शिकावे, निदान गजर लावून जवळ बसावे.

१९५६ साली नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञा आपण घेतल्या. तरीही मूल होत नाही म्हटल्यावर कोणी अंगारा आणतो, कोणी नवस बोलायला नेतो. त्यात उपचाराचे वय निघून जाते. मुंबईच्या केईएम रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या उपचारांतून टेस्ट ट्यूब बेबी जन्मली, ती विज्ञानाने आणि परिश्रमाने.

विज्ञानालाही प्रश्न विचारावेत. २०२१ च्या कायद्यानुसार अशा प्रत्येक दवाखान्याची नोंदणी बंधनकारक आहे आणि यशाची शक्यता व परिणाम समजावून सांगणे हे त्याचे कर्तव्य आहे. या उपचारासाठी स्त्रीचे वय २१ ते ५० आणि पुरुषाचे २१ ते ५५ असावे लागते. एकूण खर्च किती, औषधांचा वेगळा किती, हे लेखी मागा. कागद इंग्रजीत असेल तर मराठीत समजावून मागा.

सगळे नीट करूनही यश येईलच असे नाही. तसे झाले तर तो तिच्या हाताचा दोष नसतो. मूल झाले किंवा न झाले, तिची किंमत त्यावरून ठरत नाही, हे आधी आपल्या घरात मान्य झाले पाहिजे. मग तिला मोरीत उभे राहावे लागणार नाही.