गावाच्या निगेटिव्ह : जतन व स्कॅनिंग

भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यात नाकाडोंगरी हे गाव आहे. १ मे १९६२ रोजी राज्यात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. त्यानंतरच्या काळात अशा गावांतील शाळा, श्रमदान व ग्रामसभा यांची छायाचित्रे फिल्मवरच घेतली जात. त्यांच्या निगेटिव्ह व स्लाइड दप्तरात किंवा घरातील पेटीत असतील, तर त्यांकडे तातडीने लक्ष देणे आवश्यक आहे. उष्णता व दमटपणामुळे ॲसिटेट फिल्म कुजते. व्हिनेगरसारखा आंबूस वास ही त्याची खूण होय. अशी फिल्म त्वरित वेगळी ठेवावी.

घरगुती फिल्म स्कॅनरने हे काम शाळेतही करता येते. फिल्म कडेने धरावी व धूळ हवेच्या फुग्याने उडवावी; पाणी लावू नये. ३५ मि.मी. फिल्मची २४ × ३६ मि.मी. चौकट इंचास २४०० बिंदूंनी स्कॅन केल्यास सुमारे ७७ लाख बिंदूंची प्रतिमा मिळते. मूळ प्रत टिफ स्वरूपात व वापरावयाची प्रत जेपेग स्वरूपात ठेवावी. धूळ पुसणारी अवरक्त किरणांची सोय कृष्णधवल फिल्मसाठी वापरू नये. त्यातील चांदीचे कण तिला धुळीसारखेच भासतात.

प्रतिमांच्या दोन प्रती दोन ठिकाणी ठेवाव्यात. मूळ फिल्म टाकून देऊ नये.

प्रत्येक प्रतिमेसोबत वर्ष, स्थळ व व्यक्तींची नावे नोंदवावीत. ती सांगू शकणारी वडीलधारी मंडळी गावात आहेत, तोवरच हे काम पूर्ण व्हावयास हवे. नावांवाचून उरलेले चित्र गावाचा इतिहास सांगू शकत नाही.