आकाशातील फूल : शोभेच्या दारूचा एक अभ्यास

गणेशविसर्जन असो, दसऱ्याचे रावणदहन असो, दिवाळी असो किंवा लग्नाची वरात असो, आपल्या पांढुर्णा-सौंसर भागातील आकाश वर्षातून कित्येकदा उजळते. एक ठिणगी सळसळत वर चढते, क्षणभर विझल्यासारखी होते आणि मग एकाएकी शेकडो ताऱ्यांचे फूल उमलते. सारे माना वर करून पाहतात. परंतु ते फूल उमलते कसे, हा प्रश्न थोडेच विचारतात. जे विचारतात, त्यांतील काहींच्या मनात लगेच दुसरा विचार येतो, तो म्हणजे 'हे आपणही घरी करून पाहावे.' पहिला प्रश्न विद्यार्थ्याला शोभणारा आहे. दुसरा विचार किती महाग पडतो, हेही समजून घेणे अवश्य आहे. या लेखात आम्ही दोहोंचा विचार करणार आहोत.

शोभेची दारू महाराष्ट्राला नवी नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे अभिरक्षक परशुराम कृष्ण गोडे (1891–1961) यांनी हिंदुस्थानातील दारूकामाचा इतिहास परिश्रमपूर्वक शोधून 1953 साली प्रसिद्ध केला. त्यांनी दाखवून दिले की, संत एकनाथांनी 1570 च्या सुमारास रचलेल्या 'रुक्मिणीस्वयंवरा'त विवाहप्रसंगीच्या दारूकामाचे अनेक प्रकार आले आहेत. पेशव्यांच्या बखरीतील एक प्रसंगही त्यांनी पुढे आणला. महादजी शिंद्यांनी सवाई माधवराव पेशव्यांजवळ कोट्याच्या दिवाळीचे वर्णन केले. तेथे 'दारूची लंका' करून ती जाळीत असत. ते ऐकून पेशव्यांना कौतुक वाटले आणि पुण्यास पर्वतीच्या पायथ्याशी तसाच देखावा करून दाखविण्यात आला. म्हणजे ज्या आनंदाने आज आपण वर पाहतो, त्याच आनंदाने आपले पूर्वजही पाहत होते.

आता गोळ्याचे शास्त्र पाहू. आकाशात फुटणारा गोळा आणि बाण यांत एक मूलभूत भेद आहे. बाण आपले जळण बरोबर घेऊन जातो आणि जळत जळतच वर चढतो. गोळ्याचे तसे नाही. तो जमिनीवर उभ्या केलेल्या नळ्यातून तोफेच्या गोळ्यासारखा एकदाच फेकला जातो. नळ्याच्या तोंडाबाहेर पडल्यावर त्याला पुढे ढकलणारे काही उरत नाही. मिळालेल्या वेगावर तो चढतो, गुरुत्वाकर्षण त्याचा वेग दर सेकंदाला 9.8 मीटरने कमी करीत जाते आणि शेवटी तो जवळजवळ थांबतो. नेमक्या त्या वेळी आतील ठिणगी त्याच्या पोटापर्यंत पोहोचून तो फुटावा, अशी योजना असते. कारागिराचे सारे कौशल्य या 'नेमक्या वेळी'मध्ये आहे. गोळा लवकर फुटला तर तारे माणसांच्या डोक्यावर येतात, उशिरा फुटला तर तो खाली पडतापडता फुटतो, आणि मुळीच फुटला नाही तर जिवंत गोळा कोणाच्या तरी अंगणात येऊन पडतो.

आपल्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकातील सूत्र येथे लावून पाहा. हवेचा अडथळा क्षणभर विसरला, तर 100 मीटर उंची गाठण्यासाठी गोळा नळ्यातून सेकंदाला सुमारे 44 मीटर वेगाने सुटला पाहिजे. हा वेग तासाला जवळजवळ 160 किलोमीटर होतो. वर पोहोचण्यास त्याला साधारण साडेचार सेकंद लागतील. प्रत्यक्षात हवा अडवीत असल्यामुळे आरंभीचा वेग याहूनही अधिक लागतो. अशा वेगाने निघालेल्या वस्तूच्या वाटेत हात किंवा चेहरा आला, तर काय होईल हे निराळे सांगावयास नको.

फूल गोल का दिसते, हाही विचार करण्याजोगा प्रश्न आहे. गोळ्यातील तारे फुटण्याच्या क्षणी सर्व दिशांना सारख्याच वेगाने फेकले जातात. पुढे गुरुत्वाकर्षण सर्वांना सारखेच खाली ओढते आणि हवाही सर्वांना सारखीच अडविते. म्हणून एकमेकांच्या मानाने त्यांची रचना बिघडत नाही. ते वर्तुळ नव्हे, तर पोकळ गोल असतो. आणि गोल कोणत्याही बाजूने पाहिला तरी वर्तुळच दिसतो. त्यामुळे मैदानाच्या पूर्वेस उभा असलेला मुलगा आणि पश्चिमेस उभा असलेला मुलगा, दोघांनाही ते फूल आपल्याकडेच तोंड करून उमलल्यासारखे वाटते.

रंगांचे रहस्य रसायनशास्त्रात आहे. स्ट्रॉन्शियमच्या संयुगांनी ज्योत लाल होते, कॅल्शियमने आपल्या संत्र्यासारखी नारिंगी, सोडियमने पिवळी, बेरियमने हिरवी आणि तांब्याने निळी. पांढरा लखलखाट मॅग्नेशियम किंवा ॲल्युमिनियम यांचा असतो. निळा रंग सर्वांत अवघड मानतात. कारण तो देणारे तांब्याचे संयुग फार तापले तर मोडून जाते. बेरियमच्या क्षारांचा फटाक्यांतील वापर सर्वोच्च न्यायालयाने 2018 च्या निर्णयाने बंद केला. त्यांचा धूर आरोग्यास अपायकारक असतो. यांतील पिवळा रंग पाहण्यासाठी फटाक्याची गरजही नाही. प्रयोगशाळेत शिक्षकांच्या देखरेखीखाली स्पिरिटच्या दिव्याच्या ज्योतीत मिठाचा कण धरला, की तोच रंग दिसतो.

विद्यार्थ्याने हाती घ्यावा असा खरा छंद म्हणजे मोजमाप. एक कोनमापक, एक दोरा, दोऱ्याला बांधलेला छोटा खडा आणि सेकंद दाखविणारे घड्याळ एवढेच साहित्य पुरे. कोनमापकाच्या मध्यबिंदूला ओळंबा बांधावा आणि सरळ कडेवरून गोळा फुटलेल्या जागेकडे नजर लावावी. ओळंबा 90 अंशांपासून जितका ढळेल, तितका उन्नतकोन. दुसऱ्या विद्यार्थ्याने प्रकाश दिसल्यापासून आवाज ऐकू येईपर्यंतचा काळ मोजावा. शरद ऋतूतील रात्री, तापमान 20 अंश सेल्सिअसच्या आसपास असता, ध्वनी सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो. समजा, 0.7 सेकंद लागले आणि कोन 30 अंशांचा आला. तर गोळ्याचे आपल्यापासूनचे अंतर सुमारे 240 मीटर झाले. आणि 30 अंशांची ज्या अर्धी असल्यामुळे त्याची उंची 120 मीटर झाली. दोन मित्रांनी दोन निरनिराळ्या गच्च्यांवरून हीच मोजणी करून आकडे ताडून पाहिले, तर त्रिकोणमिती केवळ परीक्षेसाठी नसते हे ध्यानात येईल.

मग गोळे हौसेने करणारे लोक नाहीतच काय? आहेत. सांगली जिल्ह्यात, तासगाव तालुक्यातील कवठे एकंद या गावी विजयादशमीच्या रात्री ग्रामदैवताच्या पालखीपुढे मोठे दारूकाम होते. गावातील मंडळे ते पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने स्वतः तयार करतात. आकाशात फुटणाऱ्या गोळ्याला तेथे 'औट' म्हणतात. जपानमधील काताकाई गावचे लोक सप्टेंबरच्या उत्सवात देवापुढे गोळे अर्पण करतात. त्यांतील सर्वांत मोठ्या गोळ्याचे वजन 420 किलोग्रॅम असते. माल्टा देशातही गावोगावचे हौशी लोक आपल्या संतांच्या उत्सवासाठी गोळे बनवितात.

पण या गोष्टीची दुसरी बाजूही आहे. कवठे एकंद येथेच मे 2015 मध्ये फटाक्यांच्या कारखान्यात स्फोट होऊन कित्येक कामगार प्राणास मुकले. माल्टाच्या गोझो बेटावर 5 सप्टेंबर 2010 रोजी अशाच स्फोटात सहा जण गेले. केरळातील पुट्टिंगल देवस्थानात 10 एप्रिल 2016 रोजी आतषबाजीच्या साठ्याने पेट घेतला आणि शंभरांहून अधिक लोक मृत्युमुखी पडले. आपल्याच मध्य प्रदेशातील हरदा येथे 6 फेब्रुवारी 2024 रोजी कारखान्याच्या स्फोटाने आसपासच्या वस्तीवरही संकट ओढवले. निदान अकरा जण दगावले आणि दीडशेंहून अधिक जखमी झाले. यांपैकी अनेक ठिकाणी वर्षानुवर्षे हेच काम करणारे हात होते. जेथे अनुभवी हात वाचले नाहीत, तेथे नवशिक्याचे काय?

याचे कारण दारूच्या स्वभावात आहे. तिला पेटण्यासाठी काडीच लागते असे नाही. घर्षण, आघात किंवा कोरड्या हवेत कपड्यावर साठलेली विजेची सूक्ष्म ठिणगीही काही मिश्रणांना पुरते. क्लोरेट आणि गंधक यांचे मिश्रण तर इतके चंचल आहे, की सरकारने 1992 साली त्यास सर्वस्वी बंदी घातली. शिवाय 1884 च्या स्फोटक अधिनियमाप्रमाणे परवान्यावाचून स्फोटक पदार्थ तयार करणे हा गुन्हा आहे, आणि 18 वर्षे पूर्ण न झालेल्यास तर ते बनविण्याची मुळीच मोकळीक नाही. या विषयाचे नियमन करणाऱ्या केंद्रीय संघटनेचे मुख्यालय नागपुरास, म्हणजे आपल्याच शेजारी आहे. रसायनशास्त्राची आवड असणाऱ्याने शिक्षण पूर्ण करून त्या वाटेने जावे. तेथे परीक्षण, सुरक्षा आणि संशोधन या सर्वांस वाव आहे.

परंपरा जुनी झाली म्हणून दगड मऊ होत नाही, हे पांढुर्ण्याला कोणी शिकवावे असे नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यात होणाऱ्या गोटमारीत दरवर्षी किती डोकी फुटतात, हे आपण सारे जाणतो. दारूचेही तसेच आहे. ती उत्सव ओळखत नाही, हौस ओळखत नाही आणि वयही ओळखत नाही.

म्हणून आमची विनंती एवढीच आहे. येत्या दिवाळीत न फुटलेला फटाका उचलू नका. त्यातील दारू काढून एकत्र करणाऱ्या धाकट्या भावाला प्रेमाने पण ठामपणे थांबवा. आणि हाती वही, कोनमापक व घड्याळ घेऊन गच्चीवर बसा. प्रत्येक गोळ्याचा कोन, काळ आणि रंग टिपा. सुट्टी संपल्यावर पांढुर्ण्याच्या आणि सौंसरच्या वह्या एकमेकींशी ताडून पाहता आल्या, तर पुढील अंकासाठी आणखी एक लेख तयार होईल, आणि तो लिहिणारे सर्व हात शाबूत असतील.