भाड्याची मोटार : चालकाची अनुज्ञप्ती व वाहनाचा परवाना

जालना जिल्ह्यात अंबड, भोकरदन, परतूर या तालुक्यांतील गावांमध्ये लग्नसराईत वऱ्हाडासाठी मोटारी भाड्याने घेतल्या जातात. अशा वेळी चालकाची अनुज्ञप्ती, म्हणजेच लायसन, आणि वाहनाचा परवाना या दोन भिन्न बाबी आहेत, हे ध्यानी घेणे अगत्याचे आहे.

१९३९ च्या मोटार वाहन कायद्यानुसार मालकाची खाजगी मोटार चालविणाऱ्या पगारी चालकासही अनुज्ञप्तीवर स्वतंत्र नोंद लागत असे. १९८८ च्या कायद्याने ही अट वगळली. भाडोत्री वाहतुकीच्या वाहनांसाठी मात्र नोंद आवश्यक राहिली. स्वतःच्या उपयोगासाठी टॅक्सी भाड्याने घेऊन ती स्वतःच चालविणाऱ्यास यातून सूट मिळाली. पुढे ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने निर्णय दिला की, हलक्या वाहनाची अनुज्ञप्ती असलेल्या चालकास भारासह ७,५०० किलोपेक्षा कमी वजनाचे वाहतूक वाहन चालविण्यास वेगळ्या नोंदीची गरज नाही.

ही सवलत चालकास आहे, वाहनास नव्हे. पांढऱ्या पाटीची खाजगी मोटार भाड्याने चालविणे हा कलम ६६ चा भंग होय. अपघात घडल्यास विमा कंपनी याच मुद्द्यावर भरपाईस हरकत घेऊ शकते आणि त्याची झळ पीडित कुटुंबास पोहोचते. म्हणूनच इसार देण्यापूर्वी अनुज्ञप्ती, परवाना व विमा ही तिन्ही कागदपत्रे पाहण्याची सवय पंचायत सदस्यांनी व शिक्षकांनी गावात रुजविणे हिताचे ठरेल.