म्हैसूरच्या शाळेत झालेली ओळख

डॉ. मार्टिन लूथर किंग हे नाव आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे. गांधीजींचा अहिंसेचा मार्ग अमेरिकेत चालून दाखवणारे बाप्टिस्ट पाद्री, एवढे तरी आपण शाळेत शिकलेलो असतो. पण किंग ज्यांना आपले मार्गदर्शक मानत, त्या डॉ. बेंजामिन मेझ यांच्याविषयी मराठीत फारसे वाचायला मिळत नाही. तेही बाप्टिस्ट पाद्री होते. कृष्णवर्णीयांच्या समान हक्कांसाठी ते आयुष्यभर उभे राहिले. आणि किंग 1959 मध्ये भारतात आले, त्याच्या बावीस वर्षे आधी मेझ वर्ध्याला गांधीजींना भेटून म्हैसूरला गेले होते.

या पाठात आपल्याला म्हैसूरचा प्रसंग समजून घ्यायचा आहे. मात्र आधी त्यांचे बालपण पाहावे लागेल, नाहीतर तो प्रसंग त्यांना इतका का झोंबला हे कळणार नाही.

मेझ यांचा जन्म 1894 चा, अमेरिकेच्या दक्षिण कॅरोलायना राज्यातला. आई आणि वडील दोघेही गुलामगिरीत जन्मलेले. आठ भावंडांत बेंजामिन सर्वांत धाकटे. घरी कुळाने केलेली कापसाची शेती. 1898 मध्ये त्या भागात कृष्णवर्णीयांवर हल्ले झाले, तेव्हा बेंजामिन चार वर्षांचे होते. बंदुका घेतलेल्या गोऱ्यांच्या एका जमावाने त्यांच्या वडिलांना अडवले, टोपी काढायला लावली आणि पुन्हा पुन्हा वाकून नमस्कार करायला लावले. मुलगा शेजारीच होता. आपल्या आयुष्यातली ही पहिली आठवण, असे मेझ यांनी लिहून ठेवले आहे. वाचन क्षणभर थांबवून तुम्ही आपली पहिली आठवण मनात आणा. बहुतेकांच्या मनात आजीची कूस येईल, अंगण येईल. या मुलाच्या मनात वाकलेला बाप होता.

कृष्णवर्णीय मुलांची शाळा वर्षातून जेमतेम चार महिने भरे. बाकीचे दिवस शेतात. वडिलांचा विरोध पत्करून ते शिकले. उत्तरेकडच्या बेट्स कॉलेजातून 1920 मध्ये पदवीधर झाले, पाद्री झाले, अटलांटा शहरात एक चर्च सांभाळले आणि मोअरहाऊस कॉलेजात गणित शिकवले. शिक्षणाच्या खर्चासाठी रेल्वेच्या डब्यात प्रवाशांची सेवा करणारा पोर्टर म्हणूनही काम केले. 1935 मध्ये शिकागो विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली, तेव्हा ते वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात धर्मशास्त्र विद्यालयाचे डीन होते. म्हणजे वयाच्या चाळिशीत त्यांनी बापाला वाकवणाऱ्या जगापासून बरेच अंतर कापले होते. निदान तसे वाटावे अशी स्थिती होती.

जानेवारी 1937 मध्ये वायएमसीए या ख्रिस्ती युवक संघटनेची जागतिक परिषद म्हैसूरला भरली. अमेरिकेच्या प्रतिनिधींत मेझ होते. म्हैसूरला पोहोचण्याआधी ते आणि त्यांचे सहकारी चॅनिंग टोबायस वर्ध्याला गांधीजींना भेटले. सुमारे दीड तास बोलणे झाले. अहिंसा म्हणजे निमूट सोसणे नव्हे, ती अत्यंत कृतिशील शक्ती आहे, हा गांधीजींचा आग्रह मेझ यांच्या मनात कायमचा राहिला. त्यांनी आणखी एक प्रश्न विचारला, आणि तो आपण टाळू नये. तुम्ही अस्पृश्यतेवर हल्ला करता, मग जातिव्यवस्थेवरच का करत नाही? गांधीजींनी अस्पृश्यतेचा धिक्कार केला, पण जात ही कामाची विभागणी आहे अशी तिची बाजू मांडली. आदल्याच वर्षी, 1936 मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे जातिनिर्मूलनावरचे भाषण पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले होते. जात शाबूत ठेवून अस्पृश्यता कशी जाईल, हा त्यांचा सवाल होता. थोर माणसावर श्रद्धा ठेवणे वेगळे आणि त्याचे प्रत्येक उत्तर मान्य करणे वेगळे. इथे बाबासाहेबांचे म्हणणे खरे होते, असे मला वाटते.

आता म्हैसूर. परिषद चालू असताना जवळच्या एका गावातील अस्पृश्य मुलांच्या शाळेचे मुख्याध्यापक मेझ यांना न्यायला आले. इतके अमेरिकन पाहुणे असताना मीच का, असे मेझ यांनी विचारले. त्यांना कृष्णवर्णीय पाहुणाच हवा होता. मेझ गेले. मुख्याध्यापकांनी मुलांना त्यांची ओळख करून दिली: हे पाहुणे अमेरिकेतले अस्पृश्य आहेत. तुम्ही इथे जे अपमान सोसता, तेच यांनी तिथे गोऱ्यांच्या हातून सोसले आहेत. तरीही ते इतके मोठे झाले, म्हणजे तुम्हीही होऊ शकता.

मेझ यांना धक्का बसला. रागही आला. अस्पृश्य, आणि मी? पण तो राग फार काळ टिकला नाही. आपल्या देशात, विशेषतः दक्षिणेत, आपण खरोखर अस्पृश्यच आहोत, हे त्यांना त्या दिवशी पूर्वी कधी नव्हते इतके स्पष्ट दिसले.

या रागाकडे जरा बारकाईने पाहा. अपमानाविरुद्ध उठणारा राग रास्त असतो. पण मुख्याध्यापकांना अपमान करायचाच नव्हता. ते तर गौरव करत होते. मग मेझ यांना काय टोचले? माझ्या समजुतीप्रमाणे, समोर बसलेल्या मुलांच्या रांगेत आपल्याला बसवले गेले, हे टोचले. शिकून वर आलेल्या प्रत्येकाच्या मनात एक छोटा मी असतो, तो म्हणतो की मी आता त्यांच्यातला नाही. मेझ यांचे मोठेपण असे की त्यांनी तो मी ओळखला आणि पुढे आत्मचरित्रात हा प्रसंग रागासकट सांगितला. आपल्या साधनेत आपण अहंकाराविषयी पुष्कळ बोलतो. तो पदवीतही लपतो, आणि साधक या बिरुदातही.

मात्र यातून कोणी असा अर्थ काढू नये की मेझ यांनी मान खाली घातली. घडले ते उलट. 1940 मध्ये ते मोअरहाऊस कॉलेजचे अध्यक्ष झाले आणि 1967 पर्यंत त्या पदावर राहिले. दर मंगळवारी प्रार्थनागृहात ते विद्यार्थ्यांशी बोलत. काळ्यांना वेगळे बसवणाऱ्या थिएटरात स्वखुशीने पाऊल टाकू नका, असे ते सांगत. बसमध्ये मागे बसण्याची सक्ती कायद्याची होती. करमणुकीसाठी तिकीट काढून अपमान विकत घेण्याची सक्ती कोणाचीच नव्हती. सक्ती कुठे संपते आणि आपली संमती कुठे सुरू होते, हा फरक ते तरुणांना शिकवत होते. 1944 मध्ये त्या श्रोत्यांत पंधरा वर्षांचा एक मुलगा येऊन बसला. तो मार्टिन लूथर किंग.

1956 च्या आरंभी माँटगोमेरीचा बस बहिष्कार चालू होता आणि किंग यांच्या घरावर बॉम्ब पडून गेला होता. मुलाने परत तिथे जाऊ नये म्हणून वडिलांनी अटलांटातल्या आपल्या घरी वडीलधाऱ्या स्नेह्यांना बोलावले. किंग म्हणाले, मला गेलेच पाहिजे. तेव्हा मेझ त्यांच्या बाजूने बोलले. बहिष्कार 381 दिवस चालला आणि यशस्वी झाला. ऑगस्ट 1963 मध्ये वॉशिंग्टनला लाखोंची सभा झाली, तिची सांगता करणारी प्रार्थना मेझ यांनी म्हटली.

1965 मध्ये किंग यांनी आपल्या चर्चमधील प्रवचनात भारतभेटीची एक आठवण सांगितली. तिरुअनंतपुरमच्या एका शाळेत मुख्याध्यापकांनी त्यांची ओळख अमेरिकेतला अस्पृश्य बांधव अशी करून दिली होती. त्यांनाही आधी धक्का बसला, मग गरिबीत कोंडलेले आपले दोन कोटी बांधव आठवले आणि ते मनाशी म्हणाले, होय, मी अस्पृश्य आहे. गुरूचा आणि शिष्याचा अनुभव इतका सारखा आहे, की दोन्ही प्रसंग शेजारी ठेवून वाचावेत.

दोघांचे आपसात ठरले होते: जो मागे राहील, त्याने दुसऱ्याच्या अंत्यविधीला बोलायचे. 9 एप्रिल 1968 रोजी मोअरहाऊसच्या आवारात 73 वर्षांच्या मेझ यांनी 39 वर्षांच्या किंग यांना निरोप दिला. त्यानंतर ते घरी बसले नाहीत. 1970 मध्ये ते अटलांटाच्या शिक्षण मंडळाचे अध्यक्ष झाले. या पदावर आलेले ते पहिले कृष्णवर्णीय. 1981 पर्यंत त्या शहरातल्या शाळांचा कारभार ते पाहत राहिले.