पुतण्यास पत्र : मिंधेपणाविषयी

चि. बाळ यास,

परवा माईकडे गेलो असता तिने जे सांगितले, ते ऐकल्यापासून माझे चित्त थाऱ्यावर नाही. स्टॅनफर्डच्या अभियांत्रिकी विद्याशाखेने तुला टर्मन फेलोशिप देऊ केली असून ती नाकारण्याचा मसुदा तू लिहावयास घेतला आहेस म्हणे. आणि कारण काय, तर धनिकाच्या दानावर संशोधन करणे हे मिंधेपण! बाळ, हे शब्द तुझे नव्हेत, तुझ्या आजोबांचे, अप्पांचे आहेत. वार लावून शिकताना त्यांना गुरुवारच्या घरी पंगत उठून खरकटे निघाल्यावर मागच्या पडवीत पान वाढीत, आणि ताक मागितले तर यजमानीणबाई उत्तर न देता आत निघून जात, हे अप्पा सत्तरीतही सांगत, तेव्हा त्यांच्या हातातला घास हातातच राही. तो अपमान त्यांनी भोगला होता. तू तो उसना का घ्यावास?

ज्या पैशाचा तुला संकोच वाटतो त्याचे मूळ तरी पाहा. फ्रेडरिक टर्मन हे तेथलेच विद्युत अभियांत्रिकीचे अध्यापक, पुढे विद्याशाखेचे डीन. १९३८ साली त्यांनी डेव्हिड पॅकार्ड या आपल्या जुन्या विद्यार्थ्याला जनरल इलेक्ट्रिकच्या नोकरीतून परत बोलावले, ते त्याच्यासाठी एक फेलोशिप मिळवूनच. पुढल्या वर्षी पॅकार्ड आणि ह्यूलेट या गुरुबंधूंनी पालो आल्टोच्या एका गॅरेजात ५३८ डॉलरांच्या भांडवलावर कंपनी काढली, आणि त्यांचे पहिले यंत्र, ऑडिओ ऑसिलेटर, हे ह्यूलेटने टर्मन यांच्या हाताखाली केलेल्या अभ्यासाचेच फळ होते. अर्धशतक उलटल्यावर याच दोघांनी नव्या अध्यापकांसाठी गुरूच्या नावाने हा निधी विद्यापीठाच्या हवाली केला. ज्याने स्वतः तरुणपणी असेच साहाय्य घेतले त्याने ठेवलेल्या पैशात तुला त्या पडवीतले पान कोठे दिसले?

आणि हे साहाय्य नाकारून तू करणार काय? सरकारी अनुदानासाठी अर्ज, परीक्षकांचे अभिप्राय, पुन्हा अर्ज. कायम नेमणुकीचा निकाल लागण्यापूर्वीची मोलाची वर्षे त्या दप्तरातच खर्ची पडतील. जी कल्पना अजून कच्ची आहे, जिच्या बाजूने दाखवावयास एक आलेखही हाती नाही, तिला परीक्षकांची समिती सहसा मंजुरी देत नाही. अशा कल्पनेसाठी एखाद्या विद्यार्थ्याचे शुल्क आणि विद्यावेतन निर्धास्तपणे भरता यावे, एवढ्याचसाठी असले निधी असतात.

आपल्याकडेही ही वहिवाट नवी नाही. पेशवाईत विद्वानांना वाटल्या जाणाऱ्या दक्षिणेचा काही अंश इंग्रजी अमलात महाविद्यालयांकडे वळला आणि त्यातून दक्षिणा फेलो नेमले जाऊ लागले. रानडे आणि भांडारकर हे दोघेही असे फेलो होते. त्यांना कोणी मिंधे म्हटले काय? रानड्यांनी तर विद्यार्थिदशेत मराठ्यांच्या राज्याशी तुलना करून इंग्रजी राज्यावर टीका करणारा निबंध लिहिला, म्हणून प्राचार्य ग्रँट यांनी त्यांची शिष्यवृत्ती सहा महिने रोखून धरली. तरी पुढे पैसा घेतला आणि मतही सोडले नाही. तेव्हा तूही मंजुरीचे पत्र नीट वाच. संशोधनाचा विषय देणाऱ्याने ठरवावा अशी एखादी शर्त त्यात असेल, तर तुझा नकार मीच डोक्यावर घेईन. तशी शर्त नसेल तर मात्र केवळ अप्पांच्या रागापायी ते परत करू नकोस.

मी इतका का चिडलो हे तुझ्या वडिलांना ठाऊक आहे. मी नवा अधिव्याख्याता असताना एका कारखानदाराने माझ्या कंपनांवरील प्रयोगांसाठी दोन वर्षांचा खर्च देऊ केला होता, विषयाची कसलीही अट न घालता. अप्पांनी नुसती मान हलविली आणि मी नकार कळविला. मागविलेला कंपनमापक आलाच नाही. लोखंडी चौकट प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात गंजत राहिली आणि विद्यार्थी तीवर छत्र्या टांगीत. मी पुढे चांगले शिकविले असे लोक म्हणतात, पण तो कंपनांचा प्रश्न मला अजूनही रात्री सुचतो, आणि आता आकडेमोड करावयास दृष्टी नाही.

रागाच्या भरात फार लिहिले. परक्या मुलखात, नव्या नोकरीत, तुझ्यावर कसकसले दडपण असेल याचा मी विचार केला नाही. माई म्हणते, तुझा आवाज फोनवर थकलेला वाटतो. प्रयोगशाळेतच रात्री काढतोस काय? जेवणाची हेळसांड करू नकोस. वहिनीने मेतकूट आणि भाजणी बांधून ठेवली आहे, येणारा भेटला की पाठवितो. फेलोशिपचे तू जे ठरवशील ते मला मान्य आहे, पण ठरविण्याआधी एकदा माझ्याशी बोल. तुमच्याकडे दिवस असतो तेव्हा आमच्याकडे रात्र, म्हणून संकोच करू नकोस; मला उशिरापर्यंत झोप येत नाही, आणि तुझा आवाज ऐकला तर बरेच वाटेल.

तुझा,
काका