'प्यासा'चा प्रेक्षक : करुणा, चरित्र आणि कविता

१

उपेक्षित प्रतिभावंत हा नायक आधुनिक भारतीय साहित्याला नवा नाही आणि हिंदी चित्रपटालाही नाही. तथापि अशा नायकाकडे जिवंतपणी पाठ फिरविणारा आणि मृत्यूनंतर त्याचा जयघोष करणारा जो समुदाय, त्यालाच कथेतील एक पात्र म्हणून उभे करण्याचे काम फार थोड्या कृतींनी केले आहे. गुरुदत्त दिग्दर्शित 'प्यासा' (१९५७) ही त्यांपैकी एक होय. या चित्रपटाला मिळालेल्या प्रतिसादाचा इतिहास आता साडेसहा दशकांहून अधिक लांबीचा झाला आहे. त्या इतिहासातील विलक्षण गोष्ट अशी की, ज्या प्रतिसादाचा या चित्रपटाने पडद्यावर धिक्कार केला, जवळजवळ तोच प्रतिसाद पडद्याबाहेरील प्रेक्षकाने पुढे त्याला आणि त्याच्या कर्त्याला दिला. हे कसे घडले आणि त्यात कवितेच्या वाट्याला काय आले, याचा विचार येथे करावयाचा आहे.

२

'प्यासा'चे कथानक सर्वपरिचित असले, तरी ते वाचकांच्या दृष्टीने पुन्हा पाहणे उपयुक्त ठरेल. कारण ही मूलतः एका कवितासंग्रहाला लाभलेल्या वाचकांची कथा आहे. विजय हा कलकत्त्यातील बेकार तरुण कवी. त्याच्या भावांच्या लेखी त्याच्या कवितांच्या वहीचे मोल रद्दीपेक्षा अधिक नाही आणि ते ती रद्दीतच विकून टाकतात. पूर्वीची प्रेयसी मीना सुरक्षित आयुष्यासाठी घोष या धनवान प्रकाशकाशी विवाहबद्ध झालेली आहे. घोषच्या घरी प्रतिष्ठित साहित्यिकांची मैफल भरते, तेव्हा विजय तेथे पाहुण्यांच्या सरबराईला उभा असतो. या साऱ्यांपाशी कविता पोहोचलेली आहे. परंतु त्यांच्यापैकी कोणीही तिचा वाचक नाही.

वाचक मिळतो तो अनपेक्षित ठिकाणी. गुलाबो ही वेश्या त्या कविता रद्दीतून विकत घेते. रात्रीच्या निर्जन वाटेवर विजयला स्वतःचेच शब्द एका अनोळखी स्त्रीच्या तोंडून ऐकू येतात आणि तो तिच्या मागे जातो. तो आपले गिऱ्हाईक आहे असे तिला वाटते. त्याच्यापाशी पैसे नाहीत हे कळताच ती त्याला हाकलून देते. तो गेल्यानंतर कागदावरील अक्षरामुळे तिच्या ध्यानात येते की, आपण हाकलले तो आपल्या आवडत्या कवितांचा कर्ता होता. हा प्रसंग लहान असला, तरी चित्रपटाचे मर्म त्यात आहे. गुलाबोने कवितेवर प्रेम केले, तेव्हा कवी कोण, कसा, सुखी की दुःखी, जिवंत की मृत, यांपैकी काहीही तिला ठाऊक नव्हते. कवी प्रत्यक्ष समोर आला तेव्हा तिने त्याला ओळखलेही नाही. कवितेकडून कवीकडे, असा तिचा प्रवास आहे.

उत्तरार्धात याच्या नेमका उलट प्रवास दिसतो. विजयने थंडीने कुडकुडणाऱ्या एका भिकाऱ्याला आपला कोट दिलेला असतो. रेल्वेच्या रुळांवर तो भिकारी मरण पावतो आणि कोटामुळे विजयच मेला असा समज होतो. गुलाबो आपली पुंजी देऊ करून कविता छापून घेते. कवी मेला म्हणून त्या वाचल्या जातात आणि संग्रहावर लोकांच्या उड्या पडतात. रुग्णालयात विजय शुद्धीवर येतो तो परिचारिकेच्या तोंडून स्वतःची कविता ऐकून. परंतु 'मीच विजय' असे म्हणताच त्याची रवानगी वेड्यांच्या इस्पितळात होते. प्रकाशक, मित्र आणि सख्खे भाऊ त्याला ओळखण्याचे नाकारतात. जिवंत कवी ही सर्वांची अडचण असते आणि मेलेला कवी ही सर्वांची मिळकत. पुण्यतिथीच्या सभेत विजय सभागृहाच्या दारात, पाठीमागील प्रकाशात, दोन्ही हात पसरून उभा राहतो. त्याने आळवलेल्या कवितेत या साऱ्या जगाचा धिक्कार आहे. तिला मिळणारे उत्तर म्हणजे अंधार, गोंधळ आणि चेंगराचेंगरी.

३

१९५७ च्या प्रेक्षकापुढे हा चित्रपट आला तो एका विशिष्ट संदर्भात. स्वातंत्र्याला दहा वर्षे होत होती. 'मदर इंडिया' आणि 'नया दौर' हे त्याच वर्षीचे चित्रपट नवनिर्मितीच्या स्वप्नाशी निगडित होते. 'नया दौर'ची गीते साहिर लुधियानवी यांचीच होती, हे येथे विशेष लक्षात घ्यावयास हवे. सामूहिक श्रमाचा उत्साह आणि 'प्यासा'तील धिक्कार हे दोन्ही स्वर एकाच कवीने एकाच वर्षी प्रेक्षकापर्यंत पोहोचविले. ही कटुता एखाद्या व्यक्तीच्या मनोविकाराची निदर्शक आहे असे मानण्यास या परिस्थितीत फारसा वाव नव्हता. ती देशाच्या स्थितीवरील टीका होती.

वेश्यावस्तीतील कवितेचा इतिहास हेच सांगतो. ती चित्रपटासाठी मुळातून लिहिलेली नाही. साहिर यांच्या 'तल्ख़ियाँ' या पहिल्या संग्रहातील 'चकले' या नज़्मचे ते रूपांतर आहे. मूळ ध्रुवपदाची फारसीप्रचुर रचना बाजूला सारून चित्रपटात सर्वसामान्य प्रेक्षकाला कळेल असे, देशाचे नाव घेणारे ध्रुवपद योजण्यात आले. पौर्वात्य पावित्र्याचे गोडवे गाणाऱ्यांना विचारलेला प्रश्न अशा रीतीने नवस्वतंत्र राष्ट्राचा अभिमान बाळगणाऱ्यांना विचारला गेला. म्हणजे विजयच्या मुखातील ही कविता विजयपूर्वीची आहे. प्रेमभंगातून वा भावांच्या क्षुद्रतेतून तिचा जन्म झालेला नाही.

उर्दू काव्याशी परिचय असलेल्या प्रेक्षकाच्या दृष्टीने आणखी एक संदर्भ संभवतो. मजाज़ लखनवी यांचा लखनौत डिसेंबर १९५५ मध्ये शोचनीय अंत झाला होता. मद्य, मानसिक आजार आणि एकाकीपण यांनी ग्रासलेला, तरीही प्रगतिशील काव्याचा लाडका असलेला हा कवी जाऊन जेमतेम सव्वा वर्ष लोटले होते. मराठी प्रेक्षकालाही अशी एक स्मृती होती. ५ मे १९१८ रोजी भादली येथे रेल्वे अपघातात बालकवींचा मृत्यू झाला. त्यांच्या कवितेतील अखेरच्या काळातील उदासीनतेची चर्चा या मृत्यूच्या छायेखेरीज क्वचितच झाली आहे. 'प्यासा'तील रुळांवरचा मृत्यू या कवींवरून बेतला आहे असे सुचविण्याचा हेतू नाही. अकाली गेलेल्या कवीचे प्रेत आधी आणि कविता नंतर, हा वाचनक्रम आपल्या भाषांच्या परिचयाचा होता, एवढेच यातून दिसते. चित्रपटाने त्याच सवयीवर बोट ठेवले.

४

'प्यासा' लोकप्रिय झाला. मात्र १९५९ च्या 'कागज़ के फूल' या चित्रपटाला प्रेक्षकांनी नाकारले आणि त्यानंतर गुरुदत्त यांनी दिग्दर्शक म्हणून आपले नाव कोणत्याही चित्रपटास दिले नाही. १० ऑक्टोबर १९६४ रोजी, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी त्यांचा मृत्यू झाला. त्या दिवसानंतर 'प्यासा' हा वेगळाच चित्रपट झाला असे म्हणावयास हरकत नाही. विजय म्हणजेच गुरुदत्त, असे समीकरण रूढ झाले. पडद्यावरील मृत्यू ही प्रत्यक्षातील मृत्यूची पूर्वसूचना ठरली. नाकारलेला 'कागज़ के फूल'ही त्यानंतर श्रेष्ठ कृतींत गणला जाऊ लागला. मृत्यूनंतर प्रतिष्ठा हे पटकथेतील सूत्र पटकथेबाहेर खरे झाले आणि ते खरे करण्यात प्रेक्षकाचाच वाटा होता.

या समीकरणाला काही आधार निश्चित आहे. गुरुदत्त यांनी बेकारीच्या काळात लिहिलेल्या 'कश्मकश' या कथेत 'प्यासा'चे बीज आहे. परंतु विरुद्ध बाजूचा पुरावाही तितकाच बोलका आहे. विजयच्या भूमिकेसाठी प्रथम दिलीपकुमार यांना विचारण्यात आले होते. त्यांनी नकार दिल्यानंतर ती गुरुदत्त यांनी स्वतः केली. आत्मचरित्र म्हणून वाचली जाणारी ही भूमिका कर्त्याने दुसऱ्याला देऊ केली होती. विजयचे संवाद अब्रार अल्वी यांचे, कविता साहिर यांची, तिचे संगीत सचिनदेव बर्मन यांचे, गाणारा आवाज बहुतांशी मोहंमद रफी यांचा आणि घोषच्या मैफलीत हेमंतकुमार यांचा. ज्या छायाप्रकाशात विजयचा चेहरा आज स्मरतो, तो व्ही. के. मूर्ती यांनी योजलेला. इतक्या जणांनी मिळून घडविलेला कवी एकाच व्यक्तीच्या चरित्रात विरघळला, हा करुणेचा परिणाम होय. श्रेयाचा प्रश्न त्या वेळीही गौण नव्हता. 'प्यासा'नंतर साहिर आणि बर्मन यांनी पुन्हा एकत्र काम केले नाही.

या प्रवाहात अरुण खोपकर यांचा 'गुरुदत्त : तीन अंकी शोकांतिका' (१९८५) हा मराठी ग्रंथ महत्त्वाचा ठरतो. त्यास चित्रपटविषयक सर्वोत्कृष्ट पुस्तकाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि २०१२ मध्ये शांता गोखले यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध झाला. शीर्षकातील 'शोकांतिका' हा शब्द चरित्राकडे ओढ घेणारा वाटला, तरी ग्रंथातील विवेचनाचे लक्ष प्रकाशयोजना, अवकाश, चेहरा आणि गीत यांच्या रचनेवर आहे. हळहळीपासून रूपाकडे वळणारा हा प्रेक्षक मराठी समीक्षेने भारतीय चित्रपटविचाराला दिला.

५

चरित्राच्या आधारे होणाऱ्या या आस्वादात दोष कोणता, हे भारतीय काव्यशास्त्राच्या परिभाषेत नेमके सांगता येते. अभिनवगुप्ताने रसास्वादातील विघ्नांची चर्चा करताना, भाव हा केवळ स्वतःचा अथवा केवळ दुसऱ्या एखाद्या विशिष्ट व्यक्तीचा म्हणून जाणवणे, हे एक विघ्न मानले आहे. 'हे दुःख गुरुदत्त यांचे' असे प्रेक्षक म्हणतो, तेव्हा ते दुःख परगत होते. 'हे माझेच दुःख' असे एखादा अस्वस्थ तरुण म्हणतो, तेव्हा ते स्वगत होते. दोन्ही वेळी साधारणीकरण खुंटते. न. चिं. केळकर यांची 'सविकल्प समाधी'ची कल्पना येथे साहाय्यक ठरते. पात्राशी समरस होतानाही स्वतःचे भान न सुटणे, ही वाचकाची दुहेरी अवस्था तिच्यात अभिप्रेत आहे. 'प्यासा'च्या प्रेक्षकाने समरसतेचा भाग घेतला आणि भानाचा भाग पुष्कळदा सोडून दिला.

अर्थात यात सारा दोष प्रेक्षकाचा नाही. चित्रपट स्वतःच द्विधा आहे. दारातील विजयची आकृती क्रूसावरील ख्रिस्ताचे स्मरण करून देते आणि मीनाच्या हातातील 'लाइफ' नियतकालिकाच्या मुखपृष्ठावर ख्रिस्ताची प्रतिमा दाखवून चित्रपटाने त्याची तयारीही केलेली आहे. मूर्तिपूजेचा निषेध करणाऱ्या कृतीनेच मूर्ती घडविली, असा आक्षेप त्यामुळे घेता येतो. गुलाबोचे वाचनही शेवटपर्यंत निरपेक्ष राहत नाही; गीता दत्त यांच्या आवाजातील कीर्तनाच्या धर्तीच्या गीतात ती कवीची भक्त झालेली दिसते. तरीही भेद उरतो. तिची भक्ती कवितेतून उगम पावली आहे. सभागृहातील गर्दीची भक्ती मृत्यूच्या वार्तेतून.

या द्विधेवर चित्रपटाने दिलेले उत्तर अखेरच्या सत्कारसभेत सापडते. हिशेब बदलल्यामुळे भाऊ आणि मित्र आता विजयला ओळखू लागले आहेत. गर्दी जयघोषाला सिद्ध आहे. त्या क्षणी विजय आपण विजय नसल्याचे जाहीर करतो आणि जयघोष करणारी गर्दी क्षणार्धात त्याच्यावर उलटते. या नकाराचे वाचन सामान्यतः वैफल्याची परिसीमा म्हणून केले जाते. परंतु वाचनाच्या दृष्टीने पाहता, कवी येथे आपले नाव काढून घेतो आणि कविता तेवढी मागे ठेवतो. गुलाबोला ती जशी रद्दीतून, कवीच्या आयुष्याविषयी काहीही ठाऊक नसताना मिळाली होती, तशीच ती आता साऱ्यांपुढे आहे. गर्दीला ती नको असते. तिला कवी हवा असतो.

६

२००५ मध्ये 'टाइम' साप्ताहिकाने निवडलेल्या शंभर श्रेष्ठ चित्रपटांत 'प्यासा'चा समावेश झाला. २०२५ मध्ये गुरुदत्त यांच्या जन्मशताब्दीनिमित्त त्यांचे चित्रपट पुन्हा चित्रपटगृहांत दाखविण्यात आले. प्रत्येक पुनर्दर्शनाबरोबर चरित्राची कथा पुन्हा सांगितली जाते आणि ती ऐकून होणारी हळहळ खोटी असते असे नाही. मात्र या हळहळीची किंमत कोणाला मोजावी लागते, हे पाहिले पाहिजे. वेश्यावस्तीतील कवितेचा प्रश्न राष्ट्राभिमान्यांना विचारलेला आहे. तो एका दुर्दैवी कलावंताचा वैयक्तिक आक्रोश ठरला की, उत्तर देण्याची जबाबदारी कोणावरच राहत नाही आणि ज्या स्त्रियांविषयी तो विचारला, त्या पार्श्वभूमीत विरून जातात.

म्हणून 'प्यासा'चा अभ्यास साहित्याच्या वर्गात करताना साहिर यांची कविता, विजय ही भूमिका आणि गुरुदत्त यांचे आयुष्य या तीन गोष्टी प्रथम वेगळ्या ठेवून नंतरच त्यांचे संबंध तपासणे इष्ट ठरेल. 'चकले'चा मूळ पाठ आणि चित्रपटातील पाठ शेजारी ठेवून वाचणे, ही त्याची सुरुवात होऊ शकते. वाचनाचा हा क्रम बाहेरून लादलेला नाही. रद्दीतील कागद विकत घेणाऱ्या गुलाबोने तो चित्रपटातच घालून दिला आहे.